जितं दानवं

तात्यांनी बाटलीचं टोपण काढलं, नाकाशी नेलं आणि बाटली तशीच माझ्या हातात परत दिली. "मेली की गं समदी. मेल्या दानव्याला कुठला मासा येतोय?"

आमच्याकडे, सातारच्या माहुलीच्या खाली कृष्णाकाठी, गांडुळाला दानवं म्हणतात. दुपारी दोन वाजता मी परसातली माती उकरून तीस-पस्तीस दानवी गोळा केली होती. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरली, सुकू नयेत म्हणून वरून अर्धी बाटली पाणी ओतलं आणि घाटाच्या पायरीवर ठेवून तात्यांची वाट बघत बसले. ते साडेचारला आले. तोवर पायरी तापली होती आणि बाटलीत पांढुरका, फुगलेला लगदा झाला होता. त्या दिवशी गळ पाण्यात पडलाच नाही.

गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीनं श्वास घेतं आणि त्यासाठी कातडी सतत ओली लागते, हे मला पाठ होतं. नव्वदच्या दशकात मी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं होतं. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून गांडूळ उभं चिरलं होतं, आकृती काढून नावं दिली होती, १४ ते १६ या वलयांवरचा पट्टा रंगवला होता. ओलं ठेवायचं एवढं लक्षात होतं, म्हणून पाणी ओतलं. पण बंद बाटलीतल्या तापलेल्या पाण्यात त्यांना घ्यायला हवा कुठून उरणार? एवढं साधं सुचलं नाही, याचं मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. तीस जीव, आणि कशालाही उपयोगी न पडता.

तात्या माझे चुलत चुलते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. गळाने मासे धरणारी आमच्या भावकीतली आता तेवढी एकच व्यक्ती उरली आहे, आणि ते शिकून घ्यायचं हे मी गेली दोन वर्षं म्हणत होते. पण वेळ जुळवणं अवघड. श्रावण आणि गणपती उरकल्याशिवाय घरात मासा शिजत नाही, पुढे नवरात्र बसलं की पुन्हा बंद. म्हणजे अनंत चतुर्दशी ते घटस्थापना, मधले जेमतेम पंधरा दिवस. त्यात पाऊसही उतरता हवा. गेल्या वर्षी मी नेमकी तेव्हाच आठ दिवसांची रजा टाकून पुण्याहून गावी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तात्या दारात उभे. हातात पत्र्याचा जुना डबा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. मी कुदळ घेऊन निघाले तर म्हणाले, "ती ठिव. तुकडं करायचं हैत का?" भांड्यांच्या मोरीचं पाणी जिथे केळीच्या बुडाशी मुरतं तिथे ते उकिडवे बसले आणि आधी नुसतं जमिनीकडे बघत राहिले. मलाही दाखवलं. ओल्या जमिनीवर जागोजागी बारीक गोळ्यांची, शेव पाडल्यासारखी माती वर आलेली होती. ही दानव्यानं खाऊन बाहेर टाकलेली माती. ती ओली आणि ताजी असेल तर दानवं वीतभर खोलीवर आहे. वाळून भुरभुरीत झाली असेल तर ते तिथून हललं आहे. काल मी उन्हात, कोरड्या वाफ्यात तासभर खणत बसले होते. तात्यांनी खुरप्याच्या टोकानं ढेकूळ नुसतं उलटं केलं आणि खाली पाच-सहा वळवळताना दिसली.

एक अर्धं बाहेर, अर्धं बिळात होतं. मी पकडून ओढलं. ते रबरासारखं ताणलं गेलं आणि तुटलं. तात्या काही बोलले नाहीत, पुढचं त्यांनी स्वतः धरून दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये दानवं, आणि ओढायचं अजिबात नाही. दानव्याच्या जवळजवळ प्रत्येक वलयावर बारीक राठ केस असतात. ओढ लागली की ते अंग आखडतं आणि ते केस बिळाच्या भिंतीत रोवून धरतं. तात्यांच्या बोटांत ते आधी जाड झालं, ताठरलं, तसंच राहिलं. मी मनात आकडे मोजत होते. सात-आठपर्यंत गेले असेन. मग त्याच्या अंगातून एक लाट सरकली, ते लांब आणि बारीक झालं, आणि तेवढ्यात तात्यांनी ते अलगद उचललं. अखंड, वीतभर लांब, पट्टा केशरी-पिवळट, बाकी अंग तांबूस करडं. "त्येलाबी दम लागतोय. दम सोडला की उचलायचं."

पुढची दोन मी तोडली, तिसरं नीट निघालं. तुटलेल्याची दोन दानवी होतात असं लहानपणी आम्ही सगळेच समजत होतो. तसं होत नाही. शेपटीकडचा थोडा भाग गेला तर डोक्याकडचा तुकडा कधीकधी जगतो आणि शेपूट पुन्हा वाढवतो; शेपटीकडचा तुकडा मात्र थोडा वेळ वळवळून मरतो. म्हणून तोडायचं नाही, आणि लागतील त्यापेक्षा जास्त काढायचीही नाहीत. तात्या मोजून पंचवीस घेतात.

शेजारच्या शेतात गांडूळखताचा वाफा आहे. तिथे मूठभर खतात वीस-वीस तांबडी गांडुळं मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. तात्यांनी एक आणून माझ्या तळहातावर चिमटीत दाबलं. पिवळसर पाणी सुटलं आणि उग्र वास आला. खताची तांबडी जात त्रास झाला की असं पाणी सोडते. शिवाय ती बारीक असते, जाड तारेच्या गळावर दोनदा टोचली की फाटते. बारक्या माशांना ती चालते, तात्यांचं तिच्याशी वैर नाही. पण मोठ्या माशाला मातीतलं, कातडीला चिवट दानवं हवं, हे त्यांचं ठाम मत, आणि आठ दिवसांत मला त्याच्या उलट काही दिसलं नाही.

डब्यात ठेवण्याचंही एक शास्त्र निघालं. ज्या जागेतून काढली तिथलीच माती अर्धा डबा. ती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाण्याचा थेंब गळता कामा नये. वर केळीचं ओलं सोपट, म्हणजे बुंध्यावरची साल, कापून अंथरायचं. डबा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. दर दोन-तीन तासांनी उघडून बघायचं, एखादं मेलेलं असेल तर लगेच काढून टाकायचं, नाहीतर सडायला लागलेलं एक सगळ्या डब्याचा नाश करतं. तात्या आणखी एक करतात: उद्याला लागणारी आज काढून, माती झटकून, रात्रभर नुसत्या सोपटाच्या थरांत ठेवतात. सकाळी त्यांच्या पोटातली माती बाहेर पडलेली असते, अंग काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि कातडी हाताला घट्ट लागते. आदल्या दिवशीची आणि ताजी अशी दोन्ही मी शेजारी-शेजारी गळाला लावून बघितली. ताजं चार-पाच मिनिटांत मऊ पडून लोंबायला लागलं. सोपटात ठेवलेलं पाण्यातून काढलं तरी वळवळत होतं.

बाकी सामान सांगण्यासारखं फार नाही. चिव्याच्या बांबूची दहा फुटी काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, भाताच्या दाण्याएवढी शिशाची गोळी, आणि ज्वारीच्या चिपाडातलं बोटभर भेंड, पाण्यावर तरंगायला. गळ आठ नंबरचा. गळांचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तितका गळ बारीक, म्हणून दुकानात जाऊन नुसतं 'मोठा द्या' म्हणायचं. पुण्यातून मी आणलेली फिरकीची महागडी काठी तात्यांनी हातात घेऊन कौतुकानं बघितली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

गळावर दानवं कसं लावायचं, यात माझे दोन दिवस गेले. मी शिवणाची सुई असल्यासारखं आडवं-तिडवं टोचून गाठोडं करत होते. मासा ते गाठोडं दोन धक्क्यांत ओढून नेत होता आणि गळ मोकळा वर येत होता. तात्यांची रीत अशी: बोटांना कोरडी माती लावायची, म्हणजे निसटत नाही. पट्टा कुठे आहे ते बघायचं. पट्टा असतो ते डोक्याकडचं टोक. पट्ट्याच्या थोडं मागे गळाचं टोक आत घालायचं आणि दानवं मोज्यासारखं गळाच्या वाकणावर सरकवत न्यायचं, टोक अर्ध्या बोटाच्या अंतरावर बाहेर काढायचं. मागची दोन बोटं लांबीची शेपूट मोकळी सोडायची, आणि डोकंही मोकळं. मधला भाग गळ झाकतो, दोन्ही टोकं हलत राहतात. मासा येतो तो त्या हलण्यावर.

टोचताना ते दरवेळी अंग पिळतं. मला ते प्रत्येक वेळी बोटांत जाणवायचं आणि आठव्या दिवशीही सवय झाली नव्हती. मी तसं तात्यांना बोलले. ते म्हणाले, "व्हऊ बी ने." मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

जागा. कृष्णेला पावसाळ्यात जिथे ओढा येऊन मिळतो, तिथल्या मुखाशी, मुख्य धारेच्या कडेला जे संथ पाणी फिरतं, तिथे आम्ही बसायचो. तात्या तीच जागा का धरतात ते चौथ्या दिवशी कळलं. रात्री उत्तरा नक्षत्राचा मोठा पाऊस झाला. सकाळी ओढा तांबडा होऊन वाहत होता आणि त्यात बांधावरचं गवत, किडे, आणि हो, शेतातली दानवी वाहून येत होती. पाऊस पडला की ती बिळातून वर येतात आणि ओघळाबरोबर ओढ्यात जातात. नदीतल्या माशाला पावसाच्या पाण्याबरोबर आलेलं दानवं ओळखीचं असतं. तो मुखाशी वाट बघत थांबलेला असतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी. शिंगटीसारखा मिशावाला मासा मिशांनी आणि अंगभर पसरलेल्या चवीच्या कळ्यांनी अन्न शोधतो, आणि जितं दानवं पाण्यात वास आणि हालचाल दोन्ही सोडत राहतं. उन्हाळ्यात नदी निवळशंख झाली की तात्या दानवं फारसं वापरत नाहीत, रोहूला कणकेचा गोळा लावतात.

एक सांगायलाच हवं. वर धोम धरण आहे. पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. सोडण्याआधी गावांना इशारा येतो, पण तात्या तेवढ्यावर विसंबत नाहीत. पाण्याच्या कडेला दगडावर ओलीची रेघ बघून ठेवतात, दर थोड्या वेळानं तिकडे नजर टाकतात. पाण्यानं रेघ ओलांडली की काठी गुंडाळून वर. मासा गळाला असला तरी.

पहिले चार दिवस मला एकही मासा मिळाला नाही. बारकी मासळी भेंडाला टुकटुक करायची आणि शेपूट कुरतडून न्यायची. खेकडा यायचा, तो आला की भेंड हळूहळू एका बाजूला सरकत जातं, धक्का नाही, झटका नाही, आणि वर काढावं तर जड लागून एकदम सुटतं. तात्या माझ्या भेंडाकडे न बघता, स्वतःच्या तंगुसावर बोट ठेवून बसलेले असायचे आणि सांगायचे, "तुझ्याकडं खेकडा हाय. जागा बदल." भेंड पाण्याच्या वरचं दाखवतं, बोटाला तळाचं कळतं. त्यांनी माझं भेंड काढून टाकलं, शिसं वाढवलं, तंगूस पहिल्या बोटाच्या पेरावर घ्यायला लावला. आधी काहीच कळेना. मग प्रवाहाची एक बारीक थरथर कळायला लागली, शिसं वाळूवर आहे की दगडावर ते कळायला लागलं, आणि संध्याकाळी, खरंच सांगते, गळावरच्या दानव्याची वळवळही बोटाला लागली. ती थांबली की आमिष बदलायचं. चार दिवसांत मला ज्याचा सगळ्यात जास्त आनंद झाला ते हे.

पाचव्या दिवशी शिंगटी मिळाली. हिची ओढ सरळ असते, दोन झटके आणि पळ. मी काठी उचलली आणि ती वर आली, वीतभर, करडी, मिशा लांब, आणि हवेत येताच करकर आवाज करायला लागली. छातीकडच्या काट्यांच्या सांध्यातून ती हा आवाज काढते. आनंदाच्या भरात मी तिला मुठीत धरलं आणि काटा अंगठ्यात शिरला. पाठीवर एक, दोन बाजूंना दोन, असे तीन काटे. बाजूच्यांना करवतीसारखे दात. कळ थेट कोपरापर्यंत गेली. तात्यांनी जखम धुतली, घरी नेऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, त्यानं ठणका बराच उतरला. दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. शिंगटी धरायची ती मागून, तळहात तिच्या पोटाखाली, बाजूचे काटे बोटांच्या बेचक्यात येतील असे.

सहाव्या दिवशी चिलापी, म्हणजे तिलापिया, तीन. हा मासा आता कुठेही मिळतो. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला, आणि तात्या सांगतात की त्यांच्या लहानपणी तो इथे नव्हता. त्याच दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला, गवताच्या कडेला पाण्यावर तांबूस पिल्लांचा झुबका दिसला, मधूनच खाली जाणारा, पुन्हा वर येणारा. मरळीची पिल्लं. खाली आई-बाप राखणीला असतात, आणि त्या वेळी ते जवळ आलेल्या कशावरही धावून जातात, म्हणजे धरायला अगदी सोपे. तात्यांनी काठी उचलली आणि आम्ही पन्नास पावलं पुढे गेलो. मरळ बाजारात भाव खाते, अशी जोडी सोडणारे आता कमी झालेत. आई-बाप उचलले तर तो अख्खा झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. लोकांनी निदान पावसाळ्यात एवढं पाळावं, असं मला कळकळीनं वाटतं.

सातव्या संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, तात्यांनी डब्यातलं सगळ्यात मोठं दानवं निवडलं आणि मला दगडांच्या खोबणीजवळ टाकायला सांगितलं. "आता वाम हिंडायची येळ." अर्धा तास काही नाही. मग बोटाला असं वाटलं की तंगुसावर ओलं पान येऊन अडकलंय. झटका नाही, नुसतं वजन. मी काठी उचलणार, तेवढ्यात तात्यांचा हात माझ्या मनगटावर आला. वाम, सापासारखी लांबट मासळी, सोंडेसारख्या नाकानं आधी हुंगते, टोक चोखते, सोडते, पुन्हा घेते. वजन गेलं. आलं. पुन्हा गेलं. मग तंगूस अगदी सावकाश, एका लयीत सरकायला लागला, आणि तात्यांनी हात काढून घेतला.

उचललं ते दगडाला अडकल्यासारखं. ती खोबणीत शिरून अंग फुगवून बसली होती. मी जोर लावला असता तर तंगूस तुटला असता. काठी तशीच वाकलेली धरून ठेवली, ओढली नाही, सोडलीही नाही. किती वेळ गेला माहीत नाही. खांदा भरून आला. मग बोटाला ते जाणवलं. आतून एक लाट सरकली, वजन सैल झालं. मी ते आधी कुठे बघितलंय हे मला लगेच कळलं, आणि त्या क्षणी उचललं.

हातभर लांब, तपकिरी, अंगावर नागमोडी नक्षी, पाठीवर बारीक काट्यांची रांग. तात्यांनी गोणपाटात धरून गळ काढला.

घरी चुलीतली राख चोळून तिचा बुळबुळीतपणा काढला. राखेशिवाय वाम हातात ठरत नाही. साफ करताना पोट मी उघडलं. आत दोन लहान झिंगे होते आणि तीन दानवी, एक माझ्या गळावरचं, दोन ओढ्यानं आणलेली. पंचवीस-तीस वर्षांनी मी पुन्हा एकदा काहीतरी उभं चिरून आत बघत होते. कालवण काकूंनी केलं, भाजलेलं खोबरं आणि चिंच घालून, आणि तात्यांनी मधला तुकडा माझ्या ताटात वाढायला लावला.

जेवण झाल्यावर मी डबा घेऊन केळीखाली गेले. अकरा उरली होती. माती थोडी हलकी करून त्यांना वर ठेवलं, विजेरी बाजूला वळवली, कारण उजेडात ती घाबरी होतात. एकेक डोकं टेकवून आत शिरत गेली. तात्या मागं येऊन उभे होते.

"समदी सोडलीस?"

"हो."

"उद्याला काय लावतीस मग?"

मी म्हटलं, सकाळी सहाला नवी काढू. मी काढते, तुम्ही नुसतं बसा.

"बरं," तात्या म्हणाले, आणि रिकामा डबा धुवायला घेऊन गेले.